समुद्राची ओटी

माय, आज सातवीच्या वर्गात पुन्हा तुझी गोष्ट सांगितली. मुंबईचा मरीन ड्राइव्ह समुद्र हटवून, भराव टाकून केलेला आहे, पूर्वी पाणी पार आत रेल्वेच्या रुळांजवळ यायचं, हे पोरांना नुसतं सांगून पटत नाही. तुझी गोष्ट जोडली की लगेच पटतं. वर हशाही मिळतो, आणि मला हशा आवडतो. तू जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी तुझ्यावर वर्ग हसवतोय.

तू अंबडहून ओटीचं सामान बांधून आणलं होतंस. पहिल्यांदाच समुद्र बघणार, रिकाम्या हातानं कशी बघशील! कठड्यावर बसवून मी तुला मास्तरकीच्या तोऱ्यात सगळा इतिहास ऐकवला. तू शांतपणे ऐकलंस आणि खण-नारळ घेऊन उठलीस. "मंग मूळ जागा तर त्या बिल्डिंगीखाली हाय की. मान तिथं द्यावा लागंल." हात दाखवत, गाड्या थांबवत तू रस्ता ओलांडलास आणि एका इमारतीच्या फाटकाशी बसून समुद्राची ओटी भरलीस. पोरं इथं पोट धरून हसतात.

आपलं जुनं गाव धरणात गेलं, देवी नव्या देवळात आणली, तरी तू दर नवरात्रात आधी पाण्याच्या काठाशी जायचीस, बुडालेल्या देवळाकडं तोंड करून ओटी भरायचीस, मगच नव्या देवळात. हे मी वर्गात सांगत नाही. सांगितलं तर कोणी हसणार नाही.

आज एका मुलीनं विचारलं, "सर, वॉचमन रागावला न्हाई का?" रागावला, म्हणालो. "मंग तुम्ही कुठं व्हता?" मी म्हणालो, रस्त्याच्या अलीकडं, गाड्यांच्या आवाजात काही कळलंच नाही. तुलाही तेव्हा हेच सांगितलं होतं. "असंल बाबा," म्हणालीस आणि पदरानं तोंड पुसलंस. हे तुझ्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच आज लिहायला धीर होतोय.

मला सगळं ऐकू येत होतं, माय. तो वॉचमन तुझा नारळ पायानं सरकवत होता आणि तू माझ्याकडं हात करून ओरडत होतीस, "माझा लेक मास्तर हाय, त्याला इचारा!" कठड्यावरची माणसं वळून बघायला लागली. मीही त्यांच्यासारखंच बघितलं. नुकत्याच शेजारी येऊन बसलेल्या माणसानं विचारलं, तुमच्यासोबतच्या आहेत का त्या? मी नाही म्हणालो.