रिंगांचा कीस

शुक्रवार, भोकरदन. दिवेलागणीला.

रहीमभाईची जुनी डिझेल गाडी आज दुपारी दुरुस्त करून दिली. द्यायला नको होती.

सिलिंडर झिजून मोठे झाल्ते. इंजिनाचा ब्लॉक जालन्याला नेऊन सिलिंडर आतून कोरून सारखे करायचे, म्हंजे बोअर करायचा, मंग मोठे पिस्टन अन् त्याच्याच मापाच्या रिंगा टाकायच्या, ही रीत. मी काय केलं? नुसत्या मोठ्या रिंगा आणल्या, टोकं कानशीनं घासली अन् त्याच झिजलेल्या सिलिंडरात बसवल्या. धूर थांबला. पण किती दिवस? चढावर ताण पडला की रिंग तुटून इंजिन जाम व्हायचं. रहीमभाईला जल्दी होती, असं मनाला सांगून राह्यलो. खरं तर ब्लॉक न्यायचा मलाच कंटाळा आल्ता.

जुन्या रिंगा पिशवीत घालून दाखवल्या, तर त्यानं पाहिल्यासुद्धा न्हाईत. "वस्ताद, तुम्ही टाकल्या म्हणजे बराबरच." बोलता बोलता टेबलावर हात टेकला, तर रिंगा घासलेला कीस तळव्याला चिकटला. "चमकी लागली की!" म्हणून हसला. तोच हात माझ्या हातात दिला अन् गेला जळगावला, लेकीला बाळंतपणाला आणायला.

साबणानं हात धुतले. नखात चमकी हायेच.

आत्ता त्याला फोन लावला. सांगणारच होतो, तिथंच थांबा, लेकीला या गाडीत आणू नका. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला, "वस्ताद, एकदम मक्खन चालली गाडी! लेक म्हणती बस नको, अब्बाच्याच गाडीत येते. उद्या तिला घेऊन अजिंठ्याचा घाट चढंल ना?"

"चढंल," म्हणलो मी.