गाळणी सोडून काहीही चालेल

प्रिय धाकटे,

आधी तुझ्या पाठीचं सांग. मागच्या पत्रात वाकताना कळ येते म्हणाली होतीस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, वाकू नकोस म्हटलं की तू मुद्दाम पलंगाखालचा केर काढायला बसणार. यजमानांचा खोकला गेला का? सासूबाईंना ऐकू येण्याचं यंत्र आणलं होतं, ते त्या कानात घालतात की उशीखाली ठेवून झोपतात? आणि तुझा लेक, पोटचा नसला तरी लेकच तो, त्याच्या पायाचं प्लास्टर निघालं असेल. लगेच उड्या मारू देऊ नकोस त्याला. इकडे माझे गुडघे कुरकुरतात, पण काम करतात, म्हणजे दुकानातल्या जुन्या नोकरांसारखेच. तुझ्या आधीच्या घरचा मौनीबाबा, माझा भाऊ, बरा आहे. रक्तदाब गोळीने ताब्यात आला आहे. जीभ काय, जन्मापासूनच ताब्यात आहे.

आणि तुझी भिंगरी. तिची तब्येत तू कधी विचारत नाहीस आणि मी ती कधी सांगायची चुकत नाही, असा आपला रिवाज. ती छान आहे. धाकटे, हातातलं काम ठेव आणि पाठ सांभाळून खाली बस. भिंगरीचं लग्न ठरलं आहे.

मुलगा आपल्या भाषेचा नाही, आपल्या देशाचाही नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातली भाजी तशीच राहिली. भिंगरी विमानतळावर हरवलेल्या बॅगांच्या खिडकीवर बसते ना, कुणाची बॅग कुठे गेली ते शोधून ज्याची त्याला पोचवायची, तिथेच सामान वाहणाऱ्या गाड्या दुरुस्त करणारा हा मेकॅनिक. उंच, लाजाळू, नखांत कायम ग्रीस. आपली भाषा शिकतो आहे. मला ‘आत्याबाई’ म्हणतो आणि मी ताटात काही वाढलं की ‘पुरे झाला’ म्हणतो. मला आवडला. पण लग्नाला येणारी माणसं म्हणशील तर त्याच्या गावचे, त्याच्या आईच्या माहेरचे, विमानतळावरचे नाना देशांचे सोबती, आणि वर आपली माणसं. एका मांडवात इतक्या भाषा म्हणजे नुसतं ‘या, बसा’ म्हणायला दिवस जायचा.

आता धक्के ऐक. पहिला धक्का भिंगरीने दिला. म्हणाली, आत्या, आहेराची यादी करायची आहे, तू बस माझ्याजवळ. मला वाटलं आपण कुणाला काय द्यायचं त्याची यादी. तर नाही! आपल्याला काय हवं ते आपणच कॉम्प्युटरवर मांडून ठेवायचं, पाहुण्यांनी बघायचं, एकाने एक वस्तू घेतली की तिच्यापुढे ‘घेतली’ असं उमटतं, मग दुसरा दुसरी घेतो. मी म्हटलं, अगं, आहेर मागून घ्यायचा? मागितलेला आहेर म्हणजे चिमटा काढून घेतलेला आशीर्वाद. लोक तोंडात शेण घालतील. ती म्हणाली, तूच सांगतेस ना, एकेका जोडप्याकडे भिंत पुरत नाही इतकी घड्याळं येतात म्हणून? खरं होतं तिचं. अख्खा जन्म मी भांड्यांच्या दुकानात आहेराच्या भांड्यांवर नावं घालत बसले. लोकांच्या लग्नांची नावं कोरता कोरता माझं लग्न राहून गेलं ते गेलंच. एकसारख्या तीन कुकरांवर तीन नावं घातली आहेत मी, आणि नंतर तीच जोडपी दुकानात बदलून मागायला आलेली पाहिली आहेत. नाव घातलेलं भांडं कोण परत घेतो?

म्हणून बसले. पण यादी म्हणजे सुतासारखं सरळ काम नव्हतं. मी चांगला चाकूंचा संच सुचवला, तर जावईबापू दचकले. त्यांच्याकडे चाकू दिला की नातं तुटतं. भिंतीवरचं घड्याळ घातलं, तर भिंगरीची एक मैत्रीण फोनवर किंचाळलीच, तिच्या माणसांत घड्याळ देणं म्हणजे ‘तुझे दिवस भरले’ असं सांगणं. कुणाला पांढऱ्या कागदात बांधलेलं चालत नाही. कुणी म्हणतं भेट समोरच उघडा, नाहीतर देणाऱ्याचा अपमान, तर दुसरा म्हणतो समोर उघडली तर हावरटपणा. बरं, या सगळ्यावर ताण म्हणजे, जावईबापूंच्या माणसांत भेटीवर देणाऱ्याचं नाव घालणं हा मोठेपणा मिरवणं समजतात! धाकटे, मी खुर्चीत बसल्या बसल्या खचले. इतकी वर्षं डोळे फोडून मी लोकांचा मोठेपणा कोरत होते म्हणायचं! भिंगरी हसून हसून लोटपोट झाली. शेवटी मीच तोडगा काढला, म्हटलं, हव्या त्या वस्तू एकीकडे मांड आणि नको त्या दुसरीकडे, म्हणजे कुणाचा पाय कुणाच्या शेपटीवर पडायला नको. तिने तसे दोन रकाने केले. ‘नको’मध्ये चाकू, घड्याळ, पांढरा कागद.

मग एका संध्याकाळी त्याची आई घरी आली. शिवणकाम करणारी बाई, गोल चेहरा, दंडावर टाचण्या टोचलेली गादी विसरून तशीच आलेली. तिच्या लेकाने दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे केलं. आपल्या मौनीबाबाने स्वतः चहा टाकला. आणि नेहमीसारखा फडक्यातून गाळला. बाई बघत राहिल्या. मग लेकाला हसून काहीतरी म्हणाल्या, आणि तो म्हणाला, आई म्हणते, गाळणी यादीत घाला, ती मीच देईन.

तुला त्या क्षणी इथे असायला हवं होतं, किंवा नको होतं, मला नक्की सांगता येत नाही. तू गेलीस त्या दिवसापासून या घरात गाळणी नाही. तुझ्या पहिल्या पत्रातच तू लिहिलं होतंस, रागारागात काय भरलं ते कळलं नाही, तिकडे पोचून बॅग उघडली तर साड्यांत गाळणी. मी वाचून हसले आणि मग रडले. पण इथे काय झालं ते मी तुला कधी कळवलं नाही. मी लगेच दुकानातून नवी आणली होती. तुझ्या नवऱ्याने, म्हणजे तेव्हाच्या, ती माझ्या पिशवीत परत ठेवली आणि म्हणाला, ती घेऊन गेली आहे, ती आणून देईल. तेवढंच. पुन्हा त्या विषयावर चकार शब्द नाही. तुझं नाव घ्यायचं नाही असं या घरात कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी घेतलं नाही. भिंगरी शाळेत गेली, कॉलेजात गेली, नोकरीला लागली, आणि चहा फडक्यातून गाळला जात राहिला.

तर भिंगरी घाईघाईने म्हणाली, नको, आमच्याकडे गाळणी घेत नाहीत. आणि बिचाऱ्या जावईबापूंना काय वाटावं? त्यांना वाटलं, चाकूसारखं, घड्याळासारखं, ही आपली रीतच आहे! गंभीर चेहऱ्याने मान डोलावली, आईला समजावलं, आणि त्याच रात्री ‘नको’च्या रकान्यात चौथी वस्तू घातली, गाळणी. खाली त्यांच्या भाषेत पाहुण्यांना टीपही लिहिली, मुलीकडच्यांत हे अशुभ असतं, कृपया गाळणी सोडून काहीही चालेल. आता विमानतळावरचे सगळे देश आपल्याला गाळणी न बाळगणारी जमात समजतात. माणसाचं दुःख फार दिवस जपलं की बाहेरच्याला ती रीत वाटते, हे मला या वयात कळलं.

पण खरा घाव पुढेच होता. निघताना विहीणबाईंनी अगदी साधं विचारलं. त्यांच्यात भेटी टेबलावर ठेवत नाहीत. येणारा प्रत्येकजण आपली भेट मुलीच्या आईच्या हातात देतो, आणि ती घेते म्हणजे आलेल्याला घरचा केला. तर मुलीची आई कुठे बसेल, तिची खुर्ची कुठे ठेवायची? लेकाने ते आपल्या भाषेत मोडकंतोडकं सांगितलं. मौनीबाबाने सगळे कप गोळा केले, एकाचा चहा अजून अर्धा होता तोही उचलला, आणि आत गेला.

ती माणसं गेल्यावर मी भिंगरीला म्हटलं, मी बसते की त्या खुर्चीत, त्यात काय एवढं. ती म्हणाली, तू आत्या म्हणून बस, तुझी खुर्ची तुझी आहे. तिथे कुणालातरी बसवून मला वेळ मारून न्यायची नाही, रिकामी राहिली तर राहू दे. मग नखाने टेबलाचा कोपरा खरडत म्हणाली, आत्या, ती आहे ना गं? जिवंत आहे ना?

धाकटे, मी तुझी पत्रं दुकानाच्या पत्त्यावर घेत होते, वाचून भांड्यांच्या खोक्यात ठेवत होते, आणि या पोरीला तू आहेस की नाहीस हेही ठाऊक नव्हतं! मी म्हटलं, आहे, चांगली आहे. ती म्हणाली, कशी आहे? मी म्हटलं, पाठ दुखते तिची. त्यावर ती इतकी हसली, इतकी हसली, आणि हसता हसता तिने माझ्या मांडीत तोंड लपवलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी भिंगरी चहाच्या वेळी कॉम्प्युटर उघडून बसली आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, हे तू केलंस? ‘नको’च्या रकान्यातली गाळणी तिथे नव्हती. ती हव्या असलेल्या वस्तूंत सगळ्यात खाली आली होती. पुढे लिहिलं होतं, जुनीच. आणि कोण देणार त्या चौकोनात, मुलीची आई. मी म्हटलं, मला कुठे येतं टाइप करायला? मला वाटलं तूच. ती म्हणाली, मी नाही. मग आम्ही दोघींनी एकदमच मान वळवली. मौनीबाबा वर्तमानपत्राआड बसला होता. पान न उलटता म्हणाला, पुढचं पत्र लिहिशील तेव्हा तिला कळव, नवी चालणार नाही.

पुढचं पत्र! म्हणजे याला पत्रांचं ठाऊक होतं, पहिल्यापासून. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणे, तुझा चेहरा दुकानातून दोन तऱ्हेने घरी येतो, पत्र आलेल्या दिवशीचा वेगळा. आणि उठून फडकं धुवायला गेला. त्या एका सकाळी तो जितकं बोलला तितकं तुझ्याशी वर्षभरात बोलला असता तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती, हे मी त्याच्या तोंडावर म्हणाले. तो म्हणाला, हो. नुसतं हो. पण मला तेही कमी वाटलं नाही.

म्हणून लिहिते आहे. गैरसमज नको, तू परत यावंस असं त्याच्या मनात नाही. तो भोळा आहे, खुळा नाही. यजमानांनाही घेऊन ये, त्यांची खुर्ची मी आपल्या माणसांत ठेवली आहे. खिळ्याला टांगून ठेवली आहे, एकदाही वापरली नाही असं तू लिहिलं होतंस, ती गाळणी काढ आणि बॅगेत वरच ठेव. कागदात बांधू नकोस. तिच्यावर नाव घालून देते म्हटलं असतं, पण गाळणीवर नाव घालणार कुठे, सगळी भोकंच. ये, त्या खुर्चीत बस, पाठीला मी उशी ठेवीन. मुलगी समोर आली की काय बोलायचं याची चिंता करू नकोस, तिला तुझ्या पाठीचं ठाऊक आहे, ती तिथूनच सुरुवात करील. येतेस की नाही ते लगेच कळव. आणि धाकटे, या वेळी दुकानाच्या पत्त्यावर नको, उत्तर घरच्या पत्त्यावर पाठव.

तुझीच,
थोरली