पाठीवर बर्फ असताना

प्रिय हकीमा,

बतूलने हे पत्र तुझ्या हातात दिलं असेल, तर आधी तिला काहीतरी गरम खायला घाल आणि मगच हे उघड. जीपमध्ये तिला मळमळतं, सकाळची चहा-रोटी वाटेतच गेली असणार. डोळे दाखवायला स्कार्दूला आत्याकडे जायचंय, एवढंच तिला सांगितलंय. पत्र एकटीने वाच. नवऱ्याला वाचून दाखवू नकोस. माणूस सोन्यासारखा आहे, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आईची तब्येत आहे तशीच आहे. खाटेवरून उठत नाही, पण सकीनाने लोण्याच्या चहात मीठ कमी घातलं की लगेच ओळखते आणि सून कशी असू नये यावर बोलत बसते. सकीना हसते आणि आणखी एक चिमूट घालते. त्या दोघींचं छान चाललंय. बाकी गावात यंदा एकच विषय होता, पाणी. ऐन उन्हाळ्यात पाट आटत गेला, बाजरी करपली, जर्दाळू सुपारीएवढीच राहिली. शेवटी गावातला सगळ्यात म्हातारा, आपो हैदर म्हणाला, "बर्फाचं लग्न लावू या." आजोबांच्या वेळी लावलेलं लग्न वरच्या वाडीला अजून पाणी देतंय, त्यामुळे कुणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

तुम्हा बायकांना यातलं रोट्या बांधून देण्यापुरतंच माहीत, म्हणून सांगतो. पांढऱ्या हिमनदीचा बर्फ, म्हणजे नवरीचा, पलीकडच्या दरीतली माणसं घेऊन येतात. काळ्याचा बर्फ, म्हणजे नवऱ्याचा, आपण आणायचा. दगडधोंड्यांनी झाकलेली ती काळी हिमनदी आपल्याच नाल्याच्या डोक्यावर बसलेली आहे, तिथून. मग दोन्ही बर्फ गावावरच्या सावलीतल्या खबदाडात कोळसा आणि भुसा घालून एकत्र पुरायचे, म्हणजे तिथे नवी हिमनदी वाढते आणि पाणी देते. बर्फ एकदा पाठीवरच्या टोपलीत पडला की टोपली जमिनीला लागू द्यायची नाही आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. आणि बर्फ पाठीवर असताना वाटेत जे दिसेल ते कुणाला सांगायचं नाही, त्या जागेवर पहिलं हिम पडेपर्यंत. सांगितलं तर नवरी माहेरी परत जाते, असं म्हणतात.

जाताना वाट नाल्याकाठानेच धरली. शिखरं चढायला येणाऱ्या साहेब लोकांची ओझी वाहून मी याहून वाईट वाटा तुडवल्यात. कुरणं संपल्यावर घसरणीचे दगड लागले, ते सारखे हलत होते. मेहदी पुढून ओरडत होता, "वऱ्हाडाला चालत नेणारा नवरा पहिल्यांदाच पाहतोय! आणि जेवणाचं काय, दगड?" आपो हैदर म्हणाला, "हसून घे. परतताना तुझ्या तोंडाला टाका पडणार आहे." काळ्याच्या तोंडाशी पोचलो. काळा पुढे सरकला होता, हकीमा. लहानपणी आपण ज्या जागी शेळ्या पाणी प्यायला सोडायचो, तिथे बर्फाची काळी भिंत उभी होती आणि आतून कण्हल्यासारखा आवाज येत होता. आम्ही घाईघाईने बर्फ फोडून टोपल्या भरल्या. तेवढ्यात वरून मोठा तुकडा कोसळला आणि आलो ती वाट बंद झाली.

आपोने हातानेच खूण केली, वरच्या धारेने चला. ती वाट बकऱ्यांचीसुद्धा नाही. एका बाजूला कातळ, एका बाजूला काहीच नाही, टेकायला टोपलीखाली लावायची काठी तेवढी. पाठीवरून बर्फाचं पाणी कमरेपर्यंत ओघळत होतं. धारेवर पोचलो आणि पलीकडे पाहिलं. काळ्याने पुढे सरकून नालाच अडवलाय. त्याच्यामागे पाणी साठलंय, राखेच्या रंगाचं, एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत, त्यात बर्फाचे तुकडे तरंगताहेत. आपलं पाणी आटलेलं नाही. ते सगळं तिथे आहे, आपल्या डोक्यावर, आणि मध्ये फक्त ती कण्हणारी भिंत. आम्ही सगळेच काठ्यांवर टेकून उभे राहिलो. आपोचे ओठ हलत होते, दुआ म्हणत असावा. मग तो वळला आणि चालू लागला, आणि आम्हीही.

लग्न थाटात झालं. मेंढा कापला, अक्रोडाच्या वाटणात कणकेचे तुकडे घालून प्रापू केला, लोकांनी बोटं चाटली. आणि आम्ही टोपलीवाले अळीमिळी गुपचिळी. मला राहवेना, म्हणून मी आपोच्या घरी गेलो. तो म्हणाला, "तू काय पाहिलंस ते मला सांगू नकोस, मी काय पाहिलं ते तुला सांगणार नाही. हिम पडू दे." मी म्हटलं, "आणि त्याआधी पाणी आलं तर?" त्याने माझा चहाचा पेला पुन्हा भरला आणि विचारलं, "लोणी बरं लागलंय ना?" त्याचा मला राग आला नाही. मला दारापर्यंत सोडायला येऊन तो काळ्याच्या दिशेला बघत होता.

हिम पडायचं नाव घेत नाही. अंगणात अजून माश्या आहेत. नाल्याचं पाणी इतकं उतरलंय की शाळेतली पोरं चप्पल हातात घेऊन पलीकडे जातात आणि आया कौतुकाने बघतात. मला ते बघवत नाही. परवा कळलं, मेहदीने आपली पोरं आजोळी पाठवली, खोकला झाला म्हणून. दुसऱ्या एकाची मुलगी भरतकाम शिकायला गेली. तिसऱ्याने म्हाताऱ्या बापाला जावयाकडे पोचवलं. सगळे टोपलीवालेच. मेहदी गिरणीवर भेटला तेव्हा मी म्हटलं, "तुझ्या पोरांना खोकला नव्हता रे." तो पिठाकडे बघत म्हणाला, "हवा बदलली की होतो." मी घरी आलो आणि बतूलचे कपडे काढून ठेवले.

हे मी सकीनालाही सांगितलेलं नाही. लिहिणं हे बोलण्यात धरतात की नाही, आपोला विचारायचं राहिलं. पण उद्या जुम्म्याच्या नमाजानंतर मी उभा राहून सगळं सांगणार आहे. लोक म्हणतील, स्वतःची पोर काढली आणि मग तोंड उघडलं. खरंच आहे ते. बोललो की लग्न मोडलं, आणि पुढे कधीही पाणी कमी पडलं तर ते माझ्याच नावावर. काही जण वरच्या वाडीला चढतील, बरेच चढणार नाहीत. आईला त्या चढाने नेता येत नाही, सकीना तिला सोडून हलायची नाही, आणि मी त्या दोघींना. तेव्हा नीट ऐक. बतूलला परत पाठवू नकोस. रडेल, जेवणार नाही, तरी नको. लोक मला शब्द मागे घ्यायला लावतील, आणि वर सगळं ठीक आहे हे दाखवायला पोरीला परत बोलाव म्हणतील. मग मी फोन करेन, हसून बोलेन, म्हणेन की भीती गेली, पाठव तिला. माझ्या शेजारी माणसं उभी असतील. तू हो म्हण, दादा, उद्याच पाठवते म्हण. आणि पाठवू नकोस.

तुझाच,
सफदर