आबा, तुमचं रान रेघेत बसलं नाही

आबा, कोण बोलतंय ओळखलंत का? नसेलच ओळखलं. जिवंत होता तेव्हासुद्धा मला हाक मारायची म्हणजे आधी थोरलीचं नाव, मग म्हशीचं, आणि तिसऱ्या खेपेला माझं. म्हशीनंतर येणारी ती मी. आता तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली, तेव्हा म्हशीचं तरी नाव आठवतं का तेवढं सांगा. झाडांच्या बाबतीत मात्र कधी चुकला नाहीत. पाण्याजवळचा ऐन कुठल्या सालच्या वाऱ्यानं कलला ते तुम्हाला झोपेत विचारलं तरी सांगायचात, आणि माझ्या लग्नाचं साल कुणी विचारलं की आईच्या तोंडाकडं बघायचात.

हे मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुमच्या ध्यानात असायला हवं, कारण शाळेत घालायचं तुम्हीच विसरलात. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. माझ्या बोलण्याची वेणीफणी करूनच त्याला कागदावर बसवते. गडमुडशिंगीच्या घरी सोप्यात बसलोय आम्ही. तिला आज सुट्टी आहे. पणजोबाला पत्र कशाला, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, सगळी शिकलेली माणसं जित्यांना लिहितात, मला कोण जितं राहिलंय? ती हसली नाही. हल्ली हसत नाही ती, आणि त्याचंच हे पत्र आहे.

तुमचं रान म्हणजे बावड्याच्या अंगाचा तो डोंगराचा उतार. सरकारचा नव्हे, आपल्या मालकीचा, सातबाऱ्यावर तुमचं नाव असलेला. आजूबाजूच्या गावांनी आपापले डोंगर कोळशाला दिले, वखारीला दिले. तुम्ही दिला नाहीत, पण ‘देत नाही’ असंही कधी म्हणाला नाहीत. दिवाळी झाली की लाकडाचा ठेकेदार पेढ्याचा पुडा घेऊन यायचा. मी बारा-तेरा वर्षांची असेन. आत चुलीपुढं आई, उंबऱ्यात मी, आणि बाहेर घोंगड्यावर तुम्ही दोघं. तुम्ही त्याला चहा पाजायचात, पुडा ठेवून घ्यायचात आणि म्हणायचात, ‘पावणं, यंदा न्हाय जमायचं. कवळी हाईत अजून झाडं. फुडल्या साली या की.’ ज्या झाडाला दोन माणसांची कव पुरत नव्हती त्याला कोवळं म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. तोही मान डोलवून निघून जायचा आणि पुढच्या साली पुडा घेऊन पुन्हा हजर. तुम्ही ‘नाही’ म्हणाला असतात तर भांडण झालं असतं. तुम्ही त्याला वीस वर्षं पुढच्या सालावर ठेवलं.

आई मात्र तुम्हाला सोडायची नाही. ओलं तर सोडाच, वाळून उभं असलेलंही तुम्ही तोडू देत नव्हता. आपणहून पडेल तेवढंच घरात यायचं. त्यामुळं आपल्या चुलीत शेणीच जास्त. धुरात डोळे पुसत ती म्हणायची, ‘अख्ख्या डोंगराची मालकीण, आन जळाण मागाय शेजारणीच्या दारात.’ तुम्ही ऐकू न आल्यासारखं करून भाकरी मोडत राहायचात.

एकदा मीच मध्ये तोंड घातलं. ठेकेदाराला म्हटलं, मामा, दर साली हेलपाटे कशाला घालता, आबा गेल्यावर एकदाच या की. तो हसला. आईनंसुद्धा पदर तोंडाला लावला. तुम्ही हसला नाहीत. तो गेल्यावर एवढंच म्हणालात, ‘त्यो ध्यानात ठिवंल गं.’ आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मला वाटलं, नाव विसरला असाल. पण आबा, त्यानं खरंच ध्यानात ठेवलं. तुमच्या तेराव्याला काठी टेकत आला, पेढे न आणता. भावानं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, झाडं अजून कोवळी आहेत. भावानं तुमचं दुसरं काही जपलं नसेल, बैलसुद्धा विकले, पण ते एक वाक्य मरेपर्यंत जपलं.

आता नातीचं काम सांगते, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. शाहूपुरीत एका माडीवर तिचं ऑफिस आहे. आभाळातनं काढलेले फोटो तिथं कॉम्प्युटरवर येतात, आणि कुठं रान आहे, कुठं होतं, कुठनं गेलं, हे ती त्यात बघते. झाड तुटलं की त्याच्या पोटातला कोळसा कधी ना कधी धूर होऊन वर जातो. असा धूर आपल्या देशातनं किती जातो, हे म्हणे देशानं जगाला सांगायचं आहे. त्याची रीत अशी, की मागची काही ठरलेली वर्षं घ्यायची, त्या वर्षांत किती तोड झाली ते मोजायचं आणि त्यावरनं एक रेघ मारायची. पुढच्या वर्षांत तोड रेघेच्या खाली राहिली तर शाबासकी आणि मदत, वर गेली तर मान खाली. त्यातला आपला मुलूख हिच्या वाट्याला आला. नुसत्या फोटोवर भागत नाही म्हणून ती टेप घेऊन गावोगाव जाते आणि छातीच्या उंचीवर झाडाला टेप गुंडाळून घेर मोजते. मी विचारलं, कुणाच्या छातीच्या? तर तिनं खूण केलेली एक काठी दाखवली. सगळ्या देशाला एकच छाती. मी काठीशेजारी उभी राहून बघितलं, खूण माझ्या डोळ्यापर्यंत आली.

मग मी तिला विचारलं, ज्यानं तोडलंच नाही त्याची रेघ कुठं? ती म्हणाली, त्याची जमिनीला टेकलेली. तोडलंच नाही, तर आता कमी काय करणार? म्हणजे बघा आबा, रोज दोन बाटल्या रिचवणारा एकीवर आला की त्याला फेटा बांधायचा, आणि जन्मात न प्यालेल्यानं शेजारी बसून टाळ्या वाजवायच्या. हे मी बोलून दाखवलं तर ती पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, तिथंही हसले, तिचे साहेबसुद्धा. संध्याकाळी घरी येऊन तिनं मला ते सगळं करून दाखवलं, कोण कसं हसलं ते. मी किती फुगले म्हणून सांगू.

हे झालं हिवाळ्यात. चैत्रात एक दिवस ती ऑफिसातनं लवकर आली आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. दोन फोटो होते. मला अक्षर वाचता येत नाही, पण डोंगर वाचता येतो. पहिल्या फोटोत तुमचं रान होतं, काळंभोर, पाण्याच्या वळणाला दाटलेलं. दुसऱ्यात ते वळण उघडं पडलं होतं आणि भोवती तांबडी माती. बाळंतिणीच्या विस्तवानं जळलेल्या घोंगड्यासारखं दिसत होतं. मी तिला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी करून वर गेलो.

मशीननं तोडलंय आबा, कुऱ्हाडीनं नाही. कुऱ्हाडीला निदान महिना लागला असता, कुणी तरी आडवं आलं असतं. पाण्याजवळच्या ऐनाचा बुंधा तिच्या गुडघ्याएवढा राहिला होता. हिनं सवयीनं काठी त्याला लावली. खूण वर हवेतच राहिली. मग तिनं काठी गुपचूप गाडीत नेऊन ठेवली.

तोडलं कुणी, तर माझ्या भाच्यानं, तुमच्याच नातवानं. वाईट नाही हो तो. तो आम्हाला बघून लगबगीनं वर आला, चहाला चला म्हणाला, आणि तोंड लपवायच्या ऐवजी काही तरी मोठं काम केल्यासारखा हिला विचारतो, ‘पोरी, आता आपली रेघ वर गेली न्हवं?’

हिला आधी कळेच ना. कळलं तेव्हा ती एका ओंडक्यावर बसली. मग तिनं त्याला समजावलं, मला समजावते तसंच, हळू. रेघ मागच्या वर्षांवरनं मारतात. ती वर्षं कधीच होऊन गेली. यंदाची तोड त्यात येत नाही.

तो म्हणाला, ‘पर रेघ मारायची ऱ्हायलीया म्हणत्यात की अजून.’

‘मारायची राहिली आहे, काका. वर्षं राहिली नाहीत.’

तो खालच्या शेताकडं वळला. मग त्यानं विचारलं, ‘मग ही तोड कशात धरायची?’ ती म्हणाली, पुढच्या हिशेबात, रेघेच्या वर गेलेल्यात. त्यावर त्यानं टोपी काढली, झटकली, परत घातली. तेवढ्यात हिनं विचारलं, काका, तुम्हाला हे कुणी सांगितलं? त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान फिरवली. म्हणाला, ‘गावात बोलत हुती लोकं.’

परत येताना गाडीत मी तिला म्हटलं, तुझ्या रेघेत हा डोंगर कुठं तरी दिसेल की. ती म्हणाली, आज्जी, देशाच्या रेघेत हा केसाएवढासुद्धा दिसायचा नाही. आणि काका आता काजू लावणार आहेत. चार-सहा वर्षांनी आभाळातनं बघितलं की पुन्हा हिरवं, आणि हिरवं म्हणजे रान, असंच धरतात. म्हणजे आबा, तुम्ही राखलं तेव्हा कुणी धरलं नाही, आणि गेलं तेही कुणी धरायचं नाही. चहा पाजून पाजून तुम्ही वीस वर्षं थोपवलं त्याची कुठं खूणसुद्धा राहणार नाही.

माझं म्हणाल तर मी म्हातारी आहे, मी रडून मोकळी झाले. पण हिनं ते अंगावर घेतलं. हिवाळ्यात मोजणीला गेली होती तेव्हा त्याच गावात शाळेच्या व्हरांड्यात तिनं चार माणसांना रेघेचं समजावून सांगितलं होतं. तिला वाटतं, तिथनंच हे निघालं. तेव्हापासनं गावात गेली की तोंड उघडत नाही, मुकाट्यानं टेप लावते आणि परत येते. ताटात अर्धी भाकरी तशीच राहते. मागच्या आठवड्यात म्हणाली, नोकरी सोडते, मी तोंड उघडलं नसतं तर ते रान उभं असतं. मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, तुझा काय दोष, बाळा. एवढं बोलून मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. पाच महिने हेच करते आहे.

आता पुढचं लिही गं, थांबू नको. तुझ्या तोंडावर मला सांगता येत नाही, पणजोबाच्या नावानं सांगते.

आबा, ह्या साली तोड व्हायच्या आधी म्हाईला मी माहेरी गेले होते. जत्रेचा दिवस, घर पावण्यांनी भरलेलं, जेवणं झालेली, सगळे अंगणात सुपारी कातरत बसलेले. मी ते बाटलीचं आणि फेट्याचं सांगितलं. शाहूपुरीत हसले, तर माझ्या माहेरी का हसू नयेत? हसलेच सगळे. हसले म्हणून मी आणखी पुढं गेले. भाच्याला म्हटलं, ‘तुझ्या आज्ज्यानंच घालवलं बघ तुमचं. येळंला डोंगूर बोडका केला असता, तर रेघ ताठ वर गेली असती. आज सरकार फेटा घिऊन दारात आलं असतं.’ अंगण दणाणलं. भाचा एकटा हसला नाही. अडकित्ता खाली ठेवून म्हणाला, ‘आत्ती, रेघ मारून झाली काय?’

मला कुठं ठाऊक होतं? काम चालू आहे एवढं कानावर होतं. पण चारचौघांत ‘ठाऊक नाही’ म्हणणं मला जन्मात जमलेलं नाही. मी म्हटलं, ‘न्हाय अजून. मारायची हाय.’

एवढंच. शाळेच्या व्हरांड्यातली चार माणसं केव्हाच विसरली असतील. त्यानं माझं ऐकलं. आणि त्या दिवशी डोंगरावर, माझं नाव त्याच्या तोंडात असताना, त्यानं ते गिळलं.

तिचं पेन थांबलं आहे. माझ्याकडं बघत नाही, कागदाकडं बघते. मी विचारलं, लिहिलंस? ती म्हणाली, लिहिलं. मग म्हणाली, ‘मला तेव्हाच का नाही सांगितलंस, आज्जी?’

तिला सांगायला माझ्याजवळ चांगलं कारण नाही, तुम्हाला सांगते. तुझ्या आज्जीचं बोलणं काय असतं, असं तिच्या ऑफिसात म्हणतात. पंच्याहत्तरी उलटल्यावर मला कुणी तरी हुशार म्हटलं होतं. ते माझ्या हातनं सोडवेना. पोरगी वाळत चालली होती आणि मी ते धरून बसले होते.

ती म्हणाली, पत्ता काय घालू? मी म्हटलं, काही घालू नको, घडी करून तुझ्याजवळ ठेव. तिनं घडी केली, पुन्हा उघडली, कारण माझं एक राहिलं होतं. दर म्हाळाला मी तुमच्या नावानं पान वाढून कावळ्याची वाट बघते. यंदा मला वाढायला तोंड नाही, तेव्हा यंदा तुम्हीच पाठवा. तिकडं कुणी मशीन घेऊन आलं नसेल तर जाळीत करवंदं असतील. पानाचा द्रोण करून ओंजळभर पाठवा, काळी, पिकून मऊ झालेली. तांबडी नकोत, पोरीचे दात आंबतात. सगळी तिलाच पाठवा, माझ्यासाठी वेगळी काढू नका.