विहिरीजवळच्या चार ओळी

माय,

यंदा हरभरा पिवळा पडला. तू गेल्यापासून वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलेलं होतं. या हंगामात ते परत घेतलं आणि पहिल्यांदाच स्वतः पेरलं. बियाण्याला लावायचं जिवाणूंचं पाकीट मलकापूरहून आणलं, गुळाचं पाणी उकळलं, आणि कॉलेजात शिकवायला जायची बस चुकू नये म्हणून वाफा निघत असतानाच पाकीट त्यात ओतलं.

तू ते पाणी चुलीवरून उतरवून ठेवायचीस. बोट बुडवून पाहायचीस, थांबायचीस, पुन्हा पाहायचीस. निवलं की त्यात ती काळी भुकटी कालवून हरभऱ्याला हलक्या हातानं चोळायचीस. ओसरीच्या सावलीत तुझ्या जुन्या लुगड्यावर बी पसरलेलं आहे. बाबा दारातून विचारतात, "काऊन वं, हरभऱ्याले काजळ लावून राह्यली का?" तू मान वर न करता म्हणतेस, "नजर लागते लोकायची. तुमची बी." लवकर वाळावं म्हणून मी लुगडं उन्हात ओढतो. तू हातावर चापट मारतेस.

"उन्हात नको नेऊ बे. मरतीन ते."

"कोण?"

"ज्यायले आता गूळ पाजला ते."

पेरणी झाली की तू घमेलं विहिरीवर विसळायचीस आणि ते काळं पाणी शेवटच्या चार ओळींत ओतायचीस. दरवर्षी तिथंच. मला तो चिक्कूपणा वाटायचा. तसं म्हटलं तर म्हणालीस, "दिसत नाहीत म्हून फेकून देऊ काय?" पुढं झाड उपटून मुळावरची गाठ नखानं फोडून दाखवायचीस. आत लाल असलं म्हणजे ते जित्ते, झाडाले खाऊ घालतेत.

काल बटईवाले काका बांधावर आले. "युरिया फेका ना सर. आठ दिवसात हिरवं होते." मी वावरात उतरलो. खुरप्यानं ठिकठिकाणची झाडं काढून पाहिली. मुळं नुसतीच, गाठ एकही नाही. विहिरीजवळच्या चार ओळी तेवढ्या हिरव्या आहेत. तिथली गाठ फोडली. आत लाल.

आता तिथली माती टोपल्यांनी वावरभर पसरायची आणि वरून पाणी द्यायचं. पीक सावरलं तर त्यानंच सावरेल. पण त्यासाठी तो कोपरा खणावा लागेल, आणि तुझ्या हातचं आता तेवढंच उरलं आहे.

तुला वाचता येत नव्हतं. हे पत्र घरातच राहील.

आज सकाळी टोपलं आणि फावडं घेऊन गेलो होतो. ऊन वर येईपर्यंत विहिरीच्या काठावर बसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, माती ओली आहे, फावडं चालत नाही.

ओली नव्हती.