तीन घरांचा नियम

ता. ३ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येईना म्हणून मीच बसलो लिहायला. आम्ही ठीक आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, तुझी वहिनी माझ्यावर कुरकुरते. तुझ्या बंद खोलीकडे बघून ती रोज एकदा सुस्कारा टाकते. नव्या गावातलं चष्म्याचं दुकान कसं आहे? मागे एकदा तू मला उलट्या काचा बसवून दिल्या होत्यास आणि मी आठवडाभर जिना चाचपडत उतरत होतो. तिथे असं करू नकोस, गिऱ्हाईक भाऊ नसतं.

आपल्या गल्लीच्या नशाविरोधी समितीला दोन वर्षं होत आहेत. टोकाला दिवे आले, गच्च्यांना कुलपं बसली, गटारात सुया सापडत नाहीत. औषधवाला डॉक्टरच्या कागदाशिवाय झोपेची गोळी देत नाही. रविवारी, चोवीस तारखेला सभा आहे. अध्यक्ष, म्हणजे आपले बेकरीवाले, म्हणतात की सभेत टिटवीचा मोठा फोटो लावावा आणि खाली लिहावं, ‘असं पुन्हा कुणाचं होऊ नये’. तुझ्या लेकीच्या निमित्तानं चार मुलं सावध झाली तर तुलाही बरं वाटेल. एखादा हसरा फोटो पाठव.

लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझा,
दादा


ता. ९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

फोटो मिळणार नाही. एवढंच लिहून थांबणार होते, पण मग तू वहिनीला म्हणशील, धाकटी दुःखात आहे, समजून घ्या. मी दुःखात आहे हे खरं. पण हे पत्र रागाचं आहे.

टिटवीला जाऊन सात महिने झाले. शीतगृहात रात्रपाळीला जागं राहायला गोळ्या, मग पूड, मग सुई. हे गल्लीला तोंडपाठ आहे. पुढचं कुणी बोलत नाही, ते मी लिहिते. तुमच्या पेटीत एकाच नावाच्या तीन घरांच्या चिठ्ठ्या पडल्या की ‘समिती लक्ष घालेल’, असा तुमचा नियम. तोवर समितीच्या फळ्यावर नावं लागायची ती नशा विकणाऱ्यांची. घेणाऱ्यांतलं पहिलं नाव टिटवीचं लागलं. तिसऱ्या दिवशी शीतगृहानं तिला काढलं. दर गुरुवारी नर्सबाई समितीच्या खोलीत बसून सवय सोडवायचं औषध देतात. टिटवी आधी दोनदा गेली होती. फळा त्याच दाराशेजारी. आपल्याच नावासमोरून आत जायला तिचे पाय उचलेनात.

आणि तुमचा दुसरा नियम, फळ्यावरचं माणूस ज्या घरात सापडेल त्या घराचंही नाव लावायचं. टिटवी गेली त्या दुपारी तिची शिवणकाम करणारी मैत्रीण सव्वा तास दवाखान्याची गाडी बोलवायला घाबरली. टिटवी तिच्याच खोलीत, तिच्यासमोर निळी पडत होती. पोरीनं माझ्या पायाशी बसून हे सांगितलं. तिला मी एक शब्द बोलले नाही. समितीचा चिटणीस तू. खडू तुझ्या हातात होता. भाचीचं नाव मामानं वळणदार अक्षरात लिहिलं.

लोभ असावा, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं.

धाकटी


ता. १४ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

‘अनेक’ लिहायला आज हात होत नाही.

सात महिने मी गप्प होतो. तू आई, तुझं दुःख मोठं, म्हणून. पण चोराच्या उलट्या बोंबा किती ऐकायच्या? त्या तीन चिठ्ठ्या माझ्या कपाटात आहेत. एक उजव्या हातानं लिहिलेली, एक डाव्या हातानं, एक छापल्यासारखी ठोकळ्या अक्षरात. तिन्ही चष्म्याच्या काचा येतात त्या खाकी पाकिटांवर. आतल्या बाजूला काचांचे नंबर तसेच आहेत. असली पाकिटं गल्लीत एकाच घरात यायची. तीन घरं म्हणे!

तेव्हा माझ्या खडूकडे बोट दाखवताना आपल्या पेन्सिलीकडेही बघ. वहिनीला मी हे सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आपण दोघं फोटोवरून भांडतोय.

दादा


ता. १९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

होय. तिन्ही मीच लिहिल्या.

टिटवी नर्सबाईंकडे जायची थांबली होती. माझं ऐकत नव्हती. समिती लक्ष घालेल म्हणजे दोन बायका घरी येतील, तिच्याजवळ बसतील, तिला हाताला धरून गुरुवारी घेऊन जातील, असं मी समजले. एका चिठ्ठीला कुणी विचारत नाही म्हणून तीन केल्या. डाव्या हातानं लिहिताना पेन्सिल दोनदा मोडली. तिसरी टाकून आले आणि दोन दिवस घर आवरून वाट बघत बसले. खुर्च्या कमी पडतील म्हणून शेजारून एक मागून आणली. आलं ते कुणी नाही. फळ्यावर नाव आलं.

हे मी रोज स्वतःला सांगते, तू सांगायची गरज नव्हती. पण तुझ्या पत्रानं मला एक नवं कळलं. घर एकच आहे हे तुला दिसलं होतं आणि तरी तू तीन धरलीस. बेकरीवाले म्हणतील चिटणीस भाचीला पाठीशी घालतो, एवढ्यासाठी. माझा जिना चढून एकदा विचारलं असतंस, की धाकटे, हे काय? मी अडाणीपणानं चुकले. तू समजून उमजून.

आता मुद्द्याचं. लेथवाल्याच्या बायकोनं मला लिहिलंय, की तिच्या मुलीच्या नावाच्या दोन चिठ्ठ्या पडल्या आहेत. मुलगी कपडे बांधून बसलीय. तिसरी पडली तर घर सोडणार. कुठे जाईल ते तुला मी सांगायला नको. रविवारच्या सभेत फळा बदला. मोडू नका, लाकूड चांगलं आहे. जे घर केव्हाही दार उघडेल, नाव विचारणार नाही आणि लगेच गाडी बोलवेल, त्या घराचं नाव त्यावर लिहा. हे होणार नसेल तर मला पुन्हा पत्र पाठवू नकोस.

धाकटी


ता. २४ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

सभा झाली. मी तिन्ही पाकिटं टेबलावर ठेवली आणि सांगितलं, की ही एकाच घरातली होती, मला माहीत होतं आणि मी नाव लावलं. तुझं नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. वहिनीलाही.

बेकरीवाले म्हणाले, मग चिटणीसपद सोडा. मी म्हटलं, सोडलं. तुझी फळ्याची गोष्ट मांडली तर ते भडकले. नशेडींसाठी धर्मशाळा उघडायची का, म्हणाले. त्यावर इस्त्रीवाली उठून म्हणाली, की अध्यक्ष, तुमच्या भट्टीवर माझ्या चार इस्त्र्या तापतील आणि तुमच्या डोक्यावर आठ. लोक हसले, ते आणखी चिडले. शेवटी त्यांनी पेच टाकला. तीन घरांचा नियम तुमचाच लाडका ना, मग येत्या रविवारपर्यंत तीन घरं आणा, नाहीतर जुना फळा परत. तोवर पेटीला कुलूप.

पहिलं घर वहिनीनं आपलं दिलं, मला न विचारता. दुसरं त्या शिवणकाम करणाऱ्या मुलीनं. उभी राहिली आणि खोलीचा नंबर स्पष्ट सांगितला. तिसऱ्याची वेळ आली तेव्हा सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. इस्त्रीवालीचा घरमालक तिला परवानगी देत नाही. लेथवाल्याची बायको उठली, पण तिला मीच खाली बसवलं. तिचं दार आधीच सगळ्यांच्या नजरेत आहे.

तुझ्याकडे काही मागत नाही. तो हक्क राहिलेला नाही. तुला कळवायला हवं म्हणून कळवलं.

दादा


ता. २७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

सोबत एक खाकी पाकीट आहे. त्यावर माझ्या खोलीचा नंबर आहे. उजव्या हातानं लिहिलाय, खाली सही केलीय. शनिवारी दुपारच्या गाडीनं मी येते, कायमची. दुकानदाराला सांगितलं. तो म्हणाला, तुमच्यासारख्या काचा कोण घासणार. मी म्हटलं, कुणीतरी घासेल.

वहिनीला सांग, खोली झाडू नकोस, मी झाडीन. सुताराला मात्र बोलावून ठेव. टिटवी आतून लावायची ती कडी काढायची आहे. शेजारची खुर्ची माझ्याकडेच राहिली होती. ती आता परत करणार नाही, लागेल.

मी तुला माफ केलं असा अर्थ काढू नकोस. तू मला केलंस का, हेही विचारणार नाही. समोरासमोर राहू, दारं उघडी ठेवू. लोभाचं पुढे बघू.

फळ्यावर माझं नाव मात्र तूच लिही. अक्षर तुझंच चांगलं आहे.

धाकटी