पंपाचा कान

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, पण खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट कायमची बंद, त्यामुळे त्याची कुरकुर ऐकायला सवड नाही. वहिनीला म्हणावं, स्वेटर पोचला, बाह्या लांब आहेत पण ऊब उत्तम.

तिचा निरोपही परवा मिळाला. फाउंड्रीच्या नव्या मालकाने तुला बोलावलंय, नव्या कामगारांना ओतकामाच्या साच्यांचे लाकडी पॅटर्न करायला शिकवशील का म्हणून, आणि तू सरळ नाही म्हणालास. ‘ज्याने चाळीस नग भंगारात घातले, त्याने दुसऱ्याला काय शिकवायचं?’ असं म्हणालास म्हणे. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. वहिनी लिहिते, ‘भाऊजी, तुमचं ते ऐकतात, तुम्हीच समजवा.’ म्हणून हे पत्र. फोनवर आपलं बोलणं पाच मिनिटांत हवापाण्यावर येतं. आणतो मीच.

आधी इकडचं सांगतो. पॉलिटेक्निकने मला वर्षभरासाठी इथे धाडलं तेव्हा सगळ्यांनी हार घातले, तुला आठवत असेल. इथे माझ्या ड्रॉइंगच्या वर्गात बावीस मुलं आहेत, सात देशांची. पहिल्या दिवशी मी आत गेलो तर कोणी उठलंच नाही. मला वाटलं, चुकून दुसऱ्या वर्गात शिरलो. मला नावाने हाक मारतात, माझ्यासमोर सफरचंद खातात, आणि फळ्यावरची रेघ पुरी व्हायच्या आत विचारतात, ‘का?’ आपल्याकडे ‘समजलं का?’ म्हटलं की अख्खा वर्ग ‘हो सर’ म्हणतो, आणि पेपर तपासताना कळतं की कोणालाच समजलं नव्हतं. इथे ‘नाही’ म्हणतात, तेही तोंड वर करून. पहिले दोन महिने मला तो अपमान वाटायचा. आता वाटत नाही असं नाही, कमी वाटतो.

दिवसभर परक्या भाषेत तोलूनमापून बोलतो. संध्याकाळी खोलीवर आलं की आपल्या भाषेत भांडायलाही कोणी नाही. कुकरच्या शिट्ट्या मोठ्याने मोजतो, तेवढाच माणसाचा आवाज. खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यात भेटला की मान हलवतो. गेल्या आठवड्यात तो दोन दिवस दिसला नाही तर मला करमेना. मागच्या रविवारी काही उद्योग नव्हता म्हणून माझ्याच खोलीचं ड्रॉइंग काढलं, समोरून, वरून, बाजूने. तिन्हीकडून एकच खुर्ची दिसते. फार एकटं वाटतं दादा. घरी कोणाला सांगू नकोस, हार परत मागतील.

इथे एक रीत आहे, ती ऐकून तुला हसू येईल. प्रत्येक प्रकल्प संपला की ज्याच्या हातून जे चुकलं ते त्याने एका पानावर लिहायचं, खाली सही करायची आणि चुकलेल्या तुकड्यासकट ते पान कार्यशाळेबाहेरच्या भिंतीवर टांगायचं. मार्क कापत नाहीत. पान टांगलं नाही तर मात्र प्रकल्प पुरा धरत नाहीत. आपल्याकडे चूक झाली की आधी ती दुसऱ्याच्या माथी मारायची, तो सापडला नाही तर मशीनच्या! नव्या शिक्षकानेही आपलं एक पान लावायचं असतं. मी लिहिलं की एकदा परीक्षेत मी दुसऱ्याच वर्गाचा पेपर वाटला होता. सगळे पोट धरून हसले. विभागप्रमुख बाईंनी तेवढं ते शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, ‘ही चूक तुम्हाला आवडते, असं दिसतं.’ त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं नाही. म्हणजे कळलं.

ते असो. मुद्द्यावर येतो. दादा, चूक कोणाच्या हातून होत नाही? बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट तू अशी उराशी धरून बसलास. एवढा हात असलेला माणूस हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत बसला, हे काही बरं नाही. झालं गेलं गंगेला मिळालं असं समजून

मंगळवार, ११ नोव्हेंबर, दुपार

परवा वरचं वाक्य अर्धं सोडून उठलो. ते पुरं करण्यात अर्थ नाही. पत्र फाडणार होतो, पण राहू दे. मी कसा बोलतो ते तुला दिसेल.

आज वर्गात एक मुलगी उभी राहिली. मी तिला मनातल्या मनात शिडी म्हणतो, दारातून येताना तिला वाकावं लागतं. तिच्या गटाला दुसऱ्या देशातल्या कॉलेजकडून एका झाकणाचं ड्रॉइंग आलं होतं. तुला हे सांगायला नको, पण वहिनीला वाचून दाखवशील म्हणून लिहितो: आपल्याकडे वस्तू डावीकडून बघितली की ते चित्र कागदावर उजवीकडे काढतात. इथे डावीकडून बघितलेलं डावीकडेच काढतात. दोन्ही रीती बरोबर. कुठली वापरलीय ते कळावं म्हणून कागदाच्या कोपऱ्यात एक छोटी खूण असते. ती बघितली नाही, तर आरशात दिसावी तशी उलटी वस्तू तयार होते. त्या कॉलेजची रीत आपल्याकडची, आणि शिडीने वाचलं इथल्या सवयीने. आठ दिवसांचं काम वाया गेलं.

तो तुकडा हातात धरून ती सगळ्यांपुढे म्हणाली, ‘मी कोपऱ्यातली खूण बघितली नाही. माझ्या गटातल्या एकाने शंका काढली होती. मी त्याला गप्प केलं.’ एवढं बोलून खाली बसली आणि पान लिहायला घेतलं. ज्याला गप्प केलं होतं त्याने तिला पेन दिलं. सगळं मिळून दोन मिनिटं. एकोणीस वर्षांची पोर! मी वर्ग सोडून बाहेर नळावर गेलो आणि कितीतरी वेळ हात धूत राहिलो. हाताला काही लागलेलं नव्हतं.

आता तुझ्या-माझ्याबद्दल.

त्या पंपाच्या आवरणाचं परदेशी ड्रॉइंग तू घरी आणलंस, तेव्हा मला पॉलिटेक्निकात नोकरी लागून तीन महिने झाले होते. तू कागद जमिनीवर ठेवलास, बाजूला बाहेर आलेल्या, पाइप जोडायच्या कानावर बोट ठेवलंस आणि म्हणालास, ‘बारक्या, हा कान ह्या अंगाला आला तर पाइप जोडणारा हात कुठून घालणार? मला काहीतरी उलटं दिसतंय.’ मी चहा पीत होतो. कागद पुरता उघडलाही नव्हता, खालचा कोपरा दुमडलेलाच होता. मी म्हणालो, ‘दादा, काढणारे तुझ्यापेक्षा शहाणे आहेत. दिसतंय तसं डोळे झाकून कर.’ तू केलंस. चाळीस नग ओतले गेले, चाळीसच्या चाळीस उलटे.

तुला कामावरून काढलं. काकांनी घरी येऊन विचारलं, चुकलं कोण? तू म्हणालास, ‘बारक्याने बरोबरच सांगितलं होतं, माझंच बघण्यात चुकलं.’ मी तिथेच बसलो होतो. तेव्हा मलाही खरंच तसं वाटत होतं. निदान आठ दिवस.

पुढचं तुला माहीत नाही. तुला तिथे पाऊल टाकवत नव्हतं म्हणून तुझी हत्यारांची पेटी आणायला मी गेलो. फोरमनच्या टेबलावर ते ड्रॉइंग पूर्ण उघडं पसरलेलं होतं. कोपऱ्यात खूण होती, अंगठ्याच्या नखाएवढी, स्वच्छ. मी ती त्याच आठवड्यात पहिल्या वर्षाला शिकवली होती. फोरमन चहा सांगायला बाहेर गेला. तेवढ्यात मी तो कोपरा पुन्हा दुमडला, नखाने घडी बसवली, पेटी उचलली आणि घरी आलो. तू विचारलंस, ‘पटाशी आहे ना आत?’ मी म्हणालो, ‘सगळं आहे.’

नोकरी कच्ची होती, असं मी स्वतःला सांगत आलो. ती दोन वर्षांत पक्की झाली. तेव्हा बोलता आलं असतं. तुझ्या ओव्हरटाइमवर शिकलो, आणि तू चारचौघांत सांगायचास, आमच्या बारक्याच्या डोक्याला तोड नाही. ते ऐकायची मला चटक लागली होती. तुझा हात कायमचा थांबला तरी चालेल, माझ्या डोक्याला कोणी नाव ठेवता कामा नये, असा मी वागलो. ह्याला नीचपणा म्हणतात. दुसरा शब्द मला सापडला नाही, आणि मी शोधलाही नाही.

तुझा डोळा चुकला नव्हता दादा. त्या घरात तो कागद नीट वाचणारा एकच माणूस होता आणि तो दहावी नापास होता. पाइप जोडणाऱ्याचा हात कुठून जाईल, हा प्रश्न मला सुचला नाही. अजूनही सुचतो असं नाही. नव्या माणसांना शिकवायचं ते हेच. बाकीचं पुस्तकात असतं, ते कोणीही शिकवील.

नव्या मालकाला मी आजच वेगळं पत्र टाकलंय, हेच सगळं, माझ्या नावानिशी. त्याची प्रत सोबत आहे. म्हणजे तू मला पाठीशी घालायचं म्हटलंस तरी आता जमणार नाही. घालशील, मला माहीत आहे. काकांनाही लिहिणार आहे. हे पत्र वहिनीला आणि पोरांना मोठ्याने वाचून दाखव, मधलं काही गाळू नकोस.

जायचं की नाही ते तू ठरव. कंबर दुखते म्हण, पगार पटत नाही म्हण, मालकाचं तोंड आवडत नाही म्हण. पण ‘माझं बघणं चुकतं’ हे कारण तुझं कधीच नव्हतं. ते माझं होतं आणि मी तुला वापरू दिलं.

महिनाअखेरीच्या आत पत्र हाती पडेल. तोवर मी फोनजवळ बसून असेन. माफी मागायला जीभ रेटत नाही, आणि मागितली तर तू लगेच देऊन मोकळा होशील, म्हणून मागत नाही. फोन केलास तर आधी शिव्या दे. आठवतील तेवढ्या दे, मी मध्ये बोलणार नाही. पण नेहमीसारखं नुसतं ‘जेवलास का रे?’ असं विचारू नकोस दादा. ते मला सोसणार नाही.

तू अजून म्हणू दिलंस तर तुझाच,
बारक्या